सीओपीडी: फॅमिली डॉक्टरांनी काय शिकावं, कसं शिकावं

चाळिशी ओलांडलेला पेशंट महिनोन्‌महिने खोकत असेल, जिन्याच्या मध्यावर थांबत असेल, तर केसपेपरवर ‘दमा’ किंवा ‘ॲलर्जिक खोकला’ लिहिण्याआधी सीओपीडी मनात यायलाच हवा. वर्षानुवर्षांच्या धुरामुळे आणि धुळीमुळे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करत नेणारा हा आजार भारतात हृदयविकाराखालोखाल सर्वाधिक बळी घेतो. राज्यवार आजारभाराच्या अभ्यासानुसार १९९० मध्ये देशात त्याचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते साडेपाच कोटींवर गेले. रक्तदाब आणि साखर आज प्रत्येक दवाखान्यात मोजली जाते. फुप्फुसाची ताकद मात्र क्वचितच मोजली जाते.

हा लेख फॅमिली डॉक्टरांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांची प्रशिक्षणं आखणाऱ्या संघटनांनीही तो वाचावा असं वाटतं. तुम्ही एमबीबीएस असा, बीएएमएस असा की बीएचएमएस, गावात दम लागलेला माणूस आधी तुमच्याच दारात येतो. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत मिळून ७,४०० डॉक्टरांनी त्यांच्याकडे आलेल्या दोन लाखांहून जास्त पेशंटची नोंद केली होती. त्यातल्या निम्म्या पेशंटना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. म्हणजे छातीच्या आजारांचं खरं रुग्णालय तुमचा दवाखानाच आहे. छातीतज्ज्ञाकडे पेशंट पोहोचतो तोपर्यंत बहुतेकदा अर्धं फुप्फुस गेलेलं असतं.

सीओपीडीवर व्याख्यानं पुष्कळ होतात. वर्गवारी, नवी औषधं, परदेशी मार्गदर्शक तत्त्वं हे सगळं पडद्यावर झळकतं आणि सोमवारी ओपीडी पहिल्यासारखीच चालते. माझ्या मते माहितीपेक्षा सरावाची उणीव मोठी आहे. धुराची आणि धापेची चौकशी, स्पायरोमेट्री, आणि पेशंटच्या हातातला इनहेलर, एवढ्या गोष्टी हातात बसल्या की बाकीचं पुस्तक उघडून वाचता येतं.

विचारायचं काय

‘विडी-सिगारेट ओढता का?’ या एका प्रश्नावर आपली चौकशी संपते. समोर नऊवारीतल्या आजी असतील, तर तोही प्रश्न विचारला जात नाही. आपल्याकडे बिगर-धूम्रपानी सीओपीडी फार मोठ्या प्रमाणात आहे. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखानं जगाचं लक्ष त्याकडे वळवलं. मोठं कारण चुलीचा धूर. म्हणून विचारा: “आजी, स्वयंपाक कशावर करत होता? रोज किती वेळ चुलीपुढं बसत होता? लग्नाआधीपासून का?” सरपण, गोवऱ्या, विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, हे शब्द तुमच्या तोंडून आले की उत्तर नीट मिळतं. ‘बायोमास फ्युएल’ म्हटलं तर कुणी काही सांगणार नाही. मग रोजचे तास आणि एकूण वर्षं यांचा गुणाकार करा. रोज ४ तास आणि ३० वर्षं म्हणजे १२०. म्हैसूर भागातल्या ग्रामीण स्त्रियांवरच्या अभ्यासात ६० च्या पुढचा आकडा धोक्याचा ठरला होता. हा आकडा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, वयाशेजारी लिहायची सवय लावा. आज घरात गॅस असला तरी हिशेब मागच्या वर्षांचा करायचा असतो. शिवाय आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच आहे का, तेही विचारायचं.

पुरुषांना कामाबद्दल विचारा. खडी क्रशर, फाउंड्री, सूतगिरणी, यंत्रमाग, वीटभट्टी, पिठाची गिरणी. लहानपणी वारंवार न्यूमोनिया झाला होता का? आणि टीबी झाला होता का, हा प्रश्न तर कधीच चुकवू नका. औषधाचा कोर्स पूर्ण करून ‘बरा’ झालेल्या पेशंटच्या श्वासनळ्या पुढं आयुष्यभर अरुंद राहू शकतात. अशा माणसाला पुन्हा दम लागला की थुंकी न तपासता पुन्हा टीबीची औषधं सुरू होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासणीला पाठवायलाच हवी. ती निर्दोष आली की मात्र शोध तिथंच थांबवायचा नाही.

धापेची चौकशीही अशीच जमिनीवरची हवी. पेशंट स्वतःहून दम लागतो असं म्हणत नाही. तो ‘आता वय झालं’ म्हणतो, आणि दम लागू नये म्हणून हळूहळू कामं सोडून देतो. “शेतात जाता का?” याला “आता पोरं बघतात” असं उत्तर आलं, तर ‘का?’ हा पुढचा प्रश्न विचारायचाच. एमएमआरसी नावाची धाप मोजायची पट्टी ० ते ४ अशी आहे. ती आपल्या भाषेत अशी विचारता येते: चढावर किंवा घाईनं चालताना दम लागतो का? बरोबरीच्या बायका पुढं जातात आणि तुम्ही मागं राहता का? शंभरेक पावलांवर थांबावं लागतं का? साडी नेसताना, अंगात सदरा घालताना धाप लागते का? उत्तराचा आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच आकडा तुम्हाला औषध लागू पडलं की नाही ते सांगेल.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी. सीओपीडीमुळे बोटांची नखं घुमटासारखी फुगत नाहीत. तशी दिसली तर कर्करोग, ब्रॉन्किएक्टेसिस किंवा फुप्फुसाचा फायब्रोसिस यांचा विचार करा. थुंकीतून रक्त, झपाट्यानं घटलेलं वजन, पायांवर सूज, रात्री झोपेतून उठवणारी धाप यांतलं काही असेल तर एक्स-रे आणि ईसीजीशिवाय पुढं जाऊ नका.

फुंकर

स्टेथोस्कोपनं सीओपीडीचं निदान पक्कं होत नाही, एक्स-रेनंही नाही. छातीत घरघर ऐकू आली नाही म्हणून आजार नाही असं समजू नये, आणि सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. निदान होतं स्पायरोमेट्रीनं. श्वासनळ्या उघडणारं औषध दिल्यानंतर, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा (एफईव्ही-१) आणि एकूण बाहेर पडलेली हवा (एफव्हीसी) यांचं प्रमाण ०.७ च्या खाली आलं, तर अडथळा कायमचा आहे असं समजायचं. औषधाआधीच्या आकड्यावर निदान करणं ही सर्वांत नेहमीची चूक. सालब्युटामॉलचे ४ पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून द्यायचे, १५ ते २० मिनिटं थांबायचं आणि मग पुन्हा फुंकायला लावायचं.

तपासणी बिघडते ती मशीनपेक्षा फुंकणाऱ्यामुळे, आणि फुंकणारा चुकतो तो सांगणाऱ्यामुळे. पेशंट ताठ बसलेला हवा, नाकाला चिमटा, कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या. छाती भरून श्वास घ्यायला सांगा. मग एकदम जोरात, तोफेसारखी फुंकर. आणि खरी मेहनत त्यानंतरची: “सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका आजी, अजून थोडं!” निदान सहा सेकंद हवा येत राहिली पाहिजे. तंत्रज्ञ खालच्या मानेनं बटण दाबत असेल, तर पेशंट दुसऱ्याच सेकंदाला सोडून देतो, एफव्हीसी कमी दिसतो, प्रमाण खोटंच चांगलं येतं आणि आजार निसटतो. नीट जमलेल्या किमान तीन फुंकरा हव्यात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकरांत १५० मिलिलीटरपेक्षा जास्त फरक नको. रिपोर्ट हातात आला की छापील शेऱ्याआधी आलेख बघा. वर चढणारी टोकदार रेषा नसेल, मध्ये खोकल्याची खाच असेल, शेपूट अचानक तुटलेली असेल, तर तो रिपोर्ट परत पाठवा.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा टीबीची शंका असेल, तर फुंकायला लावू नका. पीक फ्लो मीटर स्वस्त आहे, दम्याच्या पेशंटला घरी द्यायला फार उपयोगी आहे, पण आकडा चांगला आला म्हणून सीओपीडी नाही असं त्यावरून ठरवता येत नाही. औषधानंतर एफईव्ही-१ मध्ये १२ टक्के आणि २०० मिलिलीटर अशी दोन्ही प्रकारे वाढ दिसली, लहानपणापासून शिंका आणि घरघर असेल, दिवसागणिक त्रास कमीजास्त होत असेल, तर दम्याकडे वळा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

पेशंटच्या हातातला पंप

“काका, घरी जसा घेता तसाच घेऊन दाखवा.” एवढं म्हणा आणि गप्प बसून बघा. ते टोपी काढतील, डबी न हलवता तोंडात धरतील, आधी दाबतील आणि मग श्वास घेतील. औषध जिभेवर बसलं. किंवा दाबतील आणि लगेच श्वास सोडतील, पांढरी वाफ नाकातून बाहेर. कॅप्सूलचं यंत्र असेल तर यंत्रातच फुंकर मारतील. काही जण ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात, आणि महिनाभरानं येऊन ‘फरक नाही’ म्हणतात. मग आपण औषध बदलतो.

चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एक आढावा घेतला गेला. त्यात इनहेलर बरोबर घेणाऱ्या पेशंटचं प्रमाण ३१ टक्के निघालं आणि इतक्या वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. डॉक्टर आणि नर्सना घेऊन दाखवायला सांगितलं त्या अभ्यासांतही बहुसंख्यांच्या पायऱ्या चुकल्या. म्हणून प्रशिक्षणात प्रत्येक डॉक्टरनं रिकामा इनहेलर स्वतः तोंडाला लावून दाखवला पाहिजे. दाबायचा पंप: टोपी काढा, हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश आत घेता घेता दाबा, १० सेकंद धरा. कॅप्सूलचा इनहेलर: यंत्रापासून तोंड बाजूला घेऊन श्वास सोडा, मग जोरात आणि खोल ओढा, धरा, कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. एकाला सावकाश, दुसऱ्याला जोरात. हा फरक पेशंटला कुणी सांगितलेलाच नसतो. कोकणात पावसाळ्यात कॅप्सूल ओलसर होतात, त्या मूळ पाकिटातच ठेवायला सांगा. हात थरथरणाऱ्या पेशंटला स्पेसर द्याच. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, फडक्यानं न पुसता सावलीत वाळवायचा. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचं.

“पंपाची सवय लागते, गोळीच द्या,” असं घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच. तेव्हा हिशेब मांडून दाखवा. सालब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत जेवढं औषध असतं, तेवढं पंपाच्या ४० पफमध्ये असतं. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरवते, छाती धडधडवते. पंप जिथं पाहिजे तिथंच औषध टाकतो.

औषधांची निवड लांबवत नाही. सतत दम लागणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटला दीर्घकाळ काम करणारी श्वासनलिका रुंदावणारी औषधं हा पाया आहे: टायोट्रोपियमसारखं एक, फॉर्मोटेरॉलसारखं दुसरं, शक्यतो दोन्ही एकत्र. स्टेरॉइडचा पंप सरसकट द्यायचा नाही. वरचेवर उफाळा येणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असलेल्या पेशंटला त्याचा फायदा होतो. इतरांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. दम्यात मात्र उलट आहे, तिथं स्टेरॉइडशिवाय उपचार पुरा होत नाही. निदान आधी पक्कं करा असा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

उफाळा आला की

इथं आपल्या सवयी सर्वांत घट्ट आहेत. धापा टाकत आलेल्या पेशंटला थिओफिलिन आणि स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं, वर एक अँटिबायोटिक, चार दिवसांनी पुन्हा तेच. थिओफिलिनचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सोबत दिलं तर रक्तातली पातळी आणखी चढते. त्याऐवजी सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम द्या, नेब्युलायझरनं किंवा स्पेसरमधून. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम ५ दिवस. स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या अभ्यासात ५ दिवसांचा कोर्स १४ दिवसांच्या कोर्सपेक्षा कुठंही कमी पडला नव्हता. अँटिबायोटिक द्यायचं ते बेडका पिवळा-हिरवा झाला असेल आणि त्याबरोबर त्याचं प्रमाण किंवा धाप वाढली असेल तेव्हा.

काही पेशंट औषधाच्या दुकानातून बारीक पांढरी स्टेरॉइडची गोळी वर्षानुवर्षं स्वतःच आणून खातात. “दम लागला की कुठली गोळी घेता? ती दाखवा,” असं विचारल्याशिवाय हे कळत नाही. साखर, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं हे त्या गोळीचे परिणाम. ती सापडली तरी एकदम बंद करू नका, टप्प्याटप्प्यानं कमी करा.

ऑक्सिजनबाबत एकच आकडा कंपाउंडरपासून ॲम्ब्युलन्सवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ हवा: ८८ ते ९२. सीओपीडीच्या पेशंटचं सॅच्युरेशन त्या पट्ट्यात ठेवायचं, १०० पर्यंत नेण्याचा अट्टाहास करायचा नाही. टास्मानियातल्या ॲम्ब्युलन्समध्ये झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मोजून-मापून ऑक्सिजन दिलेल्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण २ टक्के होतं, भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के. पेशंट झोपाळू किंवा गोंधळलेला वाटला, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा उपचारानंतरही सॅच्युरेशन ८८ वर येत नसेल, तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात हलवा. घरी कायमचा ऑक्सिजन कुणाला? स्थिर अवस्थेत, विश्रांती घेत असतानाही सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली राहतं त्याला, आणि तोही दिवसातून १५ तासांहून अधिक. धाप लागली की दहा मिनिटं नळी लावण्याचा उपयोग नाही.

विडी सुटणं हे सगळ्या औषधांच्या वरचं आहे. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पीटो यांनी दाखवून दिलं की गेलेली ताकद परत येत नाही, पण सोडल्या दिवसापासून घसरण मंदावते, वय कितीही असो. “सोडून द्या” एवढ्यावर थांबू नका. तारीख ठरवा, निकोटिन गम किंवा औषध द्या, राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, पुढच्या भेटीत विचारा. रोजचं चालणं, खुर्चीतून उठबस, ओठांचा चंबू करून श्वास सोडणं हे दवाखान्यातच शिकवता येतं. पावसाळ्याआधी फ्लूची लस, आणि न्यूमोकॉकसची लस. घरात रात्रभर डासांची कॉइल जळते का तेही विचारा. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं एका मोजणीत आढळलं आहे.

प्रशिक्षण कसं आखावं

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात. त्यामुळे सभागृहं भरतात. पण दारातली सही म्हणजे शिक्षण नव्हे. सीओपीडीचं प्रशिक्षण दीडशे डॉक्टरांचं घेऊ नका, १० ते १२ जणांचं घ्या, तालुक्याच्या ठिकाणी, रविवारी सकाळी. प्रत्येकानं जुनाट खोकल्याच्या चाळिशीवरच्या १० पेशंटचे केसपेपर नावं झाकून सोबत आणायचे. पहिला तास फक्त मोजणीचा: किती पेपरांवर धुराची नोंद आहे, किती ठिकाणी धापेचा आकडा, किती जणांची स्पायरोमेट्री, किती जणांचा इनहेलर प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद. बोलावं कुणालाच लागत नाही, आकडे बोलतात.

मग स्पायरोमीटरवर प्रत्येक डॉक्टरनं स्वतः फुंकायचं आणि शेजाऱ्याला फुंकवायचं. स्वतः सहा सेकंद फुंकलं की पेशंटला किती हुरूप द्यावा लागतो ते कळतं. पुढं चांगले आणि बिघडलेले आलेख मिसळून वाचायला द्यायचे. इनहेलरच्या टेबलावर बाजारात मिळणारे सगळे प्रकार हवेत. कंपनीचा प्रतिनिधी मदतीला येत असेल तर हरकत नाही, पण तो त्याच्या कंपनीचंच यंत्र दाखवणार. म्हणून त्या टेबलाची जबाबदारी डॉक्टरनंच घ्यावी. शिकवणारा छातीतज्ज्ञच पाहिजे असंही नाही. ज्या जनरल प्रॅक्टिशनरनं स्वतःच्या दवाखान्यात हे बसवलंय, त्याचं इतर डॉक्टर जास्त ऐकतात, कारण पेशंटची गर्दी, फी आणि वेळ यांची अडचण तो जाणतो.

डॉक्टरांबरोबर सिस्टर, कंपाउंडर आणि शक्य असेल तर शेजारचा केमिस्टही बोलवा. गर्दीच्या वेळी इनहेलर तेच शिकवणार आहेत. आरोग्य केंद्रात असाल तर तुमच्या हातात आणखी एक साधन आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाचं इंधन, कामावरचा धूर आणि धाप यांचे प्रश्न आहेतच. आशाताईंनी केलेलं हे काम रक्तदाब आणि साखरेच्या रकान्यांपुरतं वापरलं जातं आणि बाकी कागद फायलीत जातो. त्या नोंदी काढून पेशंटना बोलवून घ्या.

तीन महिन्यांनी त्याच गटानं पुन्हा जमायचं, नवे दहा-दहा केसपेपर घेऊन, तीच मोजणी करायला. ही दुसरी बैठक आधीच कॅलेंडरवर टाका, नाहीतर ती होत नाही. ज्याचे आकडे हलले नाहीत त्याला कारण विचारा. बहुतेकदा जवळपास स्पायरोमेट्रीची सोय नाही, हेच कारण निघतं. मग गटानं मिळून एक यंत्र घ्यावं आणि आठवड्यातले दोन दिवस ठरवून सगळ्यांनी आपापले पेशंट तिथं पाठवावेत, किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वार मागून घ्यावा. त्या तंत्रज्ञाला फुंकर घेण्याचं प्रशिक्षण या गटानंच द्यावं, आणि पहिल्या महिन्यातला प्रत्येक आलेख छातीतज्ज्ञाला दाखवून घ्यावा.